संतांचे भाऊबंद

लग्नाची बोलणी सुरू झाली की आपल्या काही कॅथलिक घरांतून एक जुनी कथा हमखास बाहेर काढली जाते. ‘आमचे घराणे संत गोन्सालो गार्सिया यांच्या नात्यातले’ अशी ती कथा. मूळची ती वसईकडची. सोयरिकीच्या वाटेने आता ती आमच्या धारूर तालुक्यातील तेलगावापर्यंत येऊन पोचली आहे. संत आपल्या घरचा असावा असे कोणाला वाटणार नाही? परंतु ज्या कथेच्या जोरावर एक घर दुसऱ्या घराची पायरी ठरवते, ती कथा तपासून पाहण्याचा हक्क त्या दुसऱ्या घराला असतोच. तो हक्क आम्ही येथे बजावीत आहोत.

गोन्सालो यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई येथलीच. जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखाली शिकून ते कोवळ्या वयात जपानला गेले, पुढे व्यापारात शिरले आणि अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर चढवून ज्या सव्वीस जणांना मारण्यात आले, त्यांत ते होते. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. व्रतस्थ ब्रदरला मुलेबाळे कोठून असणार? तेव्हा ‘वंशज’ हा शब्द पहिल्याच पावली बाद होतो. उरते ती भावंडांची आणि मामा-मावश्यांची वाट.

ती वाट कागदावर शोधावी, तर पूर्वजांचा माग लावण्याचे आपले मुख्य साधन म्हणजे धर्मग्रामाच्या नोंदवह्या. विवाहाची नोंद ठेवावी आणि स्नानसंस्काराच्या वेळी उभ्या राहिलेल्या धर्ममातापित्यांची नावे लिहून घ्यावीत, हा नियम ट्रेंटच्या धर्मपरिषदेने घातला १५६३ साली. गोन्सालो तेव्हा पाच-सहा वर्षांचे झाले होते. शिवाय धर्ममातापित्यांची नावे टिपण्यामागचा हेतूही ध्यानात घेण्याजोगा आहे. स्नानसंस्काराने जडलेल्या आध्यात्मिक नात्यात चुकून विवाह होऊ नये, यासाठी ती व्यवस्था होती. कुलीनपणाचे दाखले देणे हे तिचे काम कधीच नव्हते. पुढे १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज सत्ता गेली. त्या उलथापालथीच्या पलीकडे, थेट सोळाव्या शतकापर्यंत पोचणारी अखंड मालिका ज्या घराजवळ असेल, त्या घराने ती खुशाल छापावी. आम्ही सर्वांत आधी वाचू.

मालिका नसली की आडनाव पुढे केले जाते. परंतु स्नानसंस्काराच्या वेळी पोर्तुगीज धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव नवख्रिस्ती कुटुंबांना मिळत असे, हे किनाऱ्यावरच्या जाणत्या माणसांना सांगायला नको. स्नानकुंडाशी कोण उभे होते एवढेच त्या आडनावावरून कळते. रक्ताचे काही कळत नाही. आडनावानेच रक्त ठरायचे असेल, तर पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेडा याला निम्म्या कोकणपट्टीचा मूळपुरुष मानावे लागेल!

हिशेबही करून पाहावा. सव्वाचारशे वर्षांत साधारण पंधरा पिढ्या होतात. प्रत्येकाला दोन आईबाप धरले, तर पंधराव्या पायरीवर पूर्वजांच्या ३२,७६८ जागा होतात. एवढी निरनिराळी माणसे एकाच मुलखातल्या गावांतून भरणे कठीण. तीच ती माणसे अनेक वाटांनी आपली पूर्वज ठरतात. म्हणजे संतांच्या मावशीचा वंश खरोखरच टिकला असेल, तर तो नुसत्या सांगणाऱ्याच्या घरात नाही. त्याने ज्या शेजाऱ्याला खालचा मानला, त्याच्याही घरात तो असण्याचा पुरेपूर संभव आहे.

आमचा खरा आक्षेप पुढेच आहे. ही दंतकथा नेहमी वरच्या दिशेनेच का चढते? आपला पूर्वज गुलाम होता, वेठबिगार होता, असे अभिमानाने सांगणारे घराणे आम्हाला अजून भेटायचे आहे. मराठवाड्यातील आम्हा ख्रिस्ती लोकांचे वाडवडील बहुसंख्येने महार आणि मांग समाजातून आले. आडनावे मराठीच राहिली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना त्यांत घेतले गेले. ख्रिस्ती माणूस आजही बाहेर आहे. सरकारदरबारी आमचा धर्म आमच्या जातीच्या आड येतो, आणि सोयरिकीच्या बैठकीत आमची जात आमच्या धर्माच्या आड येते. अशा बैठकीत संताचे नाव वापरून मुलगी नाकारली जाते, तेव्हा त्या संताची विटंबना होते असे आमचे स्पष्ट मत आहे.

२०२३ पासून आमच्या भागात न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने निजामकालीन दप्तरे उघडली गेली. कुणबी नोंदींसाठी मोडी आणि उर्दू कागद चाळले गेले. पूर्वजाचा एक कागद पोराबाळांच्या शिक्षणाला कसा उपयोगी पडतो, हे गावोगाव लोकांनी पाहिले. आपणही शोध घ्यावा, पण या पद्धतीने घ्यावा. घरातील वृद्ध माणसे आहेत तोवर त्यांच्याजवळ बसावे. पहिला स्नानसंस्कार कोणाचा, कोणत्या गावी, कोणत्या धर्मगुरूच्या हातून झाला. पायी येऊन प्रार्थना शिकविणारे मास्तर कोण होते. ऊसतोडीच्या हंगामात जन्मलेल्या लेकरांची नोंद कोणत्या धर्मग्रामात झाली. पणजीचे माहेर कोणते, हे लिहून घ्यावे आणि नोंदवहीशी ताडून पाहावे. सोळाव्या शतकातील मावशी ज्यांना ठाऊक आहे, त्यांनीही सुरुवात पणजीपासूनच करावी.