रविवारचा तो एक तास कोणाच्या भरवशावर?

रविवारी सकाळी तुम्ही काय करत असता? खरं सांगा. बहुतेक झोपलेले असता, नाहीतर लोळत मोबाईल बघत असता. पण साताऱ्यात, सांगलीत, मिरजेत तुमच्याच वयाची काही मुलंमुली त्या वेळी चर्चशेजारच्या खोलीत सतरंज्या अंथरत असतात. थोड्या वेळाने तिथे चार वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतची पोरं येऊन आदळणार असतात.

जुनी माणसं या वर्गाला ‘शब्बाथ शाळा’ म्हणतात, आपल्या पिढीचं ‘संडे स्कूल’. गाणी, पवित्र शास्त्रातली एक गोष्ट, एखादं वचन पाठ करणं, चित्र रंगवणं, डिसेंबर आला की नाताळच्या नाटकाची तालीम. पाळक मोठ्यांच्या उपासनेत अडकलेले. मग मुलं कोणाकडे? तरुण संघाकडे, म्हणजे एफवाय-एसवायच्या ताई-दादांकडे. पगार नाही, ट्रेनिंग बहुधा नाहीच. ‘तू गिटार वाजवतेस ना, मग घे वर्ग,’ इतकी सोपी नेमणूक.

तुम्ही म्हणाल, यात बातमी काय? बातमी अशी की या एका तासावर सध्या तीन बाजूंनी ताण आहे आणि तिन्हींचा संबंध फक्त ख्रिस्ती मुलांशी नाही.

पहिला ताण रविवारचाच. हा वर्ग रविवारी का, ते बघा. १७८० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावात रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्रवाल्याने गरीब मुलांसाठी अशी शाळा काढली. ती मुलं आठवड्याचे सहा दिवस राबायची, म्हणून वाचायला शिकायला रविवार. आपल्याकडे कामगारांना हा रविवार सहज मिळाला नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आज आठवीतला मुलगा सहा दिवस शाळा आणि क्लास करतो आणि सातव्या दिवशी टेस्ट सिरीजला बसतो. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: १६ वर्षांखालच्यांना प्रवेश नको, आठवड्याची सुट्टी द्या, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा घेऊ नका. तुमच्या गल्लीतल्या क्लासला हे माहीत आहे का, विचारून बघा. संडे स्कूलची पटसंख्या सातवी-आठवीनंतर का गळते, याचं उत्तर मुलांच्या श्रद्धेत शोधण्याआधी त्यांच्या वेळापत्रकात शोधायला हवं.

दुसरा ताण संशयाचा. जून २०२५ मध्ये सांगलीत धर्मांतराच्या आरोपांवरून वातावरण तापलं. धर्मगुरूंवर हल्ला करणाऱ्याला बक्षीस देण्याची भाषा जाहीर भाषणातून झाली. त्याविरुद्ध ख्रिस्ती समाजही रस्त्यावर उतरला. खरं तर इथली ख्रिस्ती वस्ती कालची नाही. साताऱ्यात अमेरिकन मिशनचं काम १९व्या शतकातलं. मिरजेत डॉ. वानलेस यांचं हॉस्पिटल १८९४ साली उभं राहिलं. ‘फुलामुलांचे कवी’ रेव्हरंड ना. वा. टिळक अखेरच्या वर्षांत साताऱ्यातच राहिले, १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला तो इथेच. तरीही मोर्च्याच्या दिवशी ही दीडशे वर्षं कोणी मोजत नाही.

आता समजा, वर्ग तुम्ही घेताय. एका मुलीसोबत तिची शेजारची मैत्रीण आली. तिच्या घरचे ख्रिस्ती नाहीत. गाणी आवडली, खाऊ मिळाला, पुढच्या रविवारी परत आली. तिला हाकलायचं? नाही. पण तिच्या आईबाबांना माहीत आहे का, हे आधी विचारायचं. राज्यघटनेचं कलम २८(३) सांगतं की सरकारमान्य शाळेत अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणात सहभागी करायचं तर पालकाची संमती लागते. संडे स्कूल ही सरकारमान्य शाळा नव्हे, त्यामुळे ते कलम तिथे थेट लागू होत नाही. पण त्यामागचं तत्त्व कुठेही योग्यच आहे. पालकांची सही असलेला एक साधा कागद मुलीचा आदर राखतो आणि उद्या कोणी आरोप केला तर तुमच्याही उपयोगी पडतो.

तिसरा ताण सगळ्यांत महत्त्वाचा, आणि त्यावर सगळ्यांत कमी बोललं जातं: मुलांची सुरक्षितता. पोक्सो कायदा २०१२चा. त्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक. धार्मिक संस्थेतल्या व्यवस्थापनाने किंवा कर्मचाऱ्याने तिथल्या मुलावर अत्याचार केला तर कायदा तो अधिक गंभीर गुन्हा मानतो. मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत. म्हणजे एखादं पोरगं रंगपेटी आवरता आवरता तुमच्या कानात काही सांगून गेलं, तर ‘आधी कमिटीत बोलू, बदनामी नको’ हा पर्याय तुमच्याकडे नाही.

२०२०च्या पोक्सो नियमांनी मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी सक्तीची केली. पण नियमातला शब्द ‘कर्मचारी’ असा आहे. संडे स्कूल चालतं ते फुकट काम करणाऱ्यांवर. बालसंस्कार वर्ग, मदरसा, सेवा दलाची शाखा, गणपती मंडळाचं शिबिर यांचंही तेच. सगळीकडे ‘आपलाच पोरगा आहे’ हीच पडताळणी.

मग करायचं काय? फार खर्चाचं काही नाही. खोलीत कायम दोन मोठी माणसं, एकटं कोणी नाही. दार उघडं. कोण मूल आलं, कोणाबरोबर गेलं, याची वही. पालकांच्या परवानगीशिवाय मुलांचे फोटो स्टेटसला नाहीत. भिंतीवर १०९८, चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर, मुलांना वाचता येईल एवढा मोठा. आणि वर्षातून एकदा पोक्सो समजलेल्या वकिलाला बोलावून दोन तास, कमिटीसकट.

‘आपल्या माणसांवर अविश्वास कशाला?’ असं कोणीतरी ज्येष्ठ म्हणतीलच. त्यांना शांतपणे सांगा, काका, हा नियम माझ्यासाठीही आहे. प्रामाणिक शिक्षकाला तो आडवा येत नाही, उलट खोट्या आरोपापासून वाचवतो.

तुम्ही चर्चला जात असाल, नसाल. या वयात कधी ना कधी कोणाची तरी लहान मुलं तुमच्या हवाली होणारच आहेत, शिबिरात, ट्यूशनमध्ये, सोसायटीच्या गॅदरिंगमध्ये. हो म्हणण्याआधी एवढंच विचारा: माझ्यासोबत दुसरं कोण असणार आहे, आणि पालकांना माहीत आहे का? याची उत्तरं मिळाली की मग खुशाल गिटार उचला.