दुभाष्याच्या माथी मारलेले पाप

पेरू देशात ख्रिस्ती श्रद्धेचा पहिला शब्द कसा पोहोचला, याची एक गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांतून मोठ्या चवीने सांगितली जाते. १६ नोव्हेंबर १५३२ रोजी काहामार्काच्या चौकात दोमिनिकन धर्मगुरू फादर विसेंते दे वाल्व्हेर्दे हाती क्रूस व ग्रंथ घेऊन इंका सम्राट आताहुआल्पापुढे उभे राहिले. त्यांचे निरूपण एका स्थानिक दुभाष्याने सम्राटास सांगितले. त्याचे नाव कोणी फेलिपिल्यो देतात, कोणी मार्तिनिल्यो. पवित्र त्रैक्याचे रहस्य सांगताना म्हणे त्याने 'तीन आणि एक मिळून चार' असा हिशेब केला! सम्राटाने ग्रंथ भिरकावून दिला आणि कत्तल झाली. म्हणजे दोष कोणाचा? दुभाष्याचा.

हा निवाडा मला साफ अमान्य आहे, आणि आम्हा धर्मगुरूंच्या तोंडी तर तो मुळीच शोभत नाही.

पिझारोजवळ अवघे १६८ शिपाई होते. घोडे आणि तोफांसह ते चौकाभोवतीच्या इमारतींत आधीच दबा धरून बसले होते. फादर वाल्व्हेर्दे बोलावयास निघाले तेव्हा सापळा लावून झाला होता. त्यांच्या निरूपणात स्पेनच्या सम्राटापुढे मान तुकविण्याची मागणीही होती, असे अनेक वृत्तांत सांगतात. ही मागणी अस्खलित केचुआत केली असती, तर पालखीत बसलेला सम्राट काय खाली उतरून गुडघे टेकणार होता? हजारो माणसे मारली गेली, ती व्याकरणाच्या चुकीपायी नव्हे.

'चार'चा किस्सा आपल्याला दिला तो इंका गार्सिलासो दे ला वेगा याने. त्याचा जन्मच १५३९ चा. पण याच गार्सिलासोने दुभाष्याची बाजूही मांडली आहे. केचुआत त्रैक्य, कृपा यांसाठी शब्दच नव्हते आणि स्नानसंस्कार झालेल्या त्या पोराला धर्मशिक्षण कोणी दिले नव्हते, असे तो लिहितो. लोकांनी किस्सा तेवढा उचलला, बचाव सोडून दिला.

आणि हे दुभाषी आले कोठून? १५२६ मध्ये बार्तोलोमे रुईझ या नाविकाने समुद्रात एक व्यापारी तराफा पकडला आणि त्यावरील काहीजणांना स्पॅनिश शिकविण्यासाठी ठेवून घेतले. धरून आणलेल्या माणसांनी शिपायांच्या तांड्यात ऐकून जी भाषा उचलली, तिच्यावर आपण त्रैक्याचे ओझे लादले! पुढे अल्माग्रोच्या चिली मोहिमेत फेलिपिल्योला फितुरीच्या आरोपावरून ठार करण्यात आले. फादर वाल्व्हेर्दे कुस्कोचे बिशप झाले.

त्यांच्याच दोमिनिकन संघाचे फादर दोमिंगो दे सांतो तोमास १५४० मध्ये पेरूत उतरले. ते केचुआ स्वतः शिकले, लोकांत बसून शिकले. त्यांचे केचुआ व्याकरण व शब्दकोश १५६० मध्ये वायादोलिद येथे छापले गेले. काहामार्काला तोवर अठ्ठावीस वर्षे लोटली होती.