बिल नसलेला दगड

आमच्या अंबाजोगाईत जुना वाडा पाडणं हे आता दोन दिवसांचं काम झालं आहे. जेसीबी येतो, भिंती आडव्या होतात. तुळया आणि चौकटी जुन्या लाकडाचे व्यापारी नेतात. उरलेले घडीव दगड, माती आणि चुना ट्रॅक्टरमध्ये भरून गावाबाहेरच्या ओढ्याकाठी ओतले जातात. येताना त्याच रस्त्यानं बालाघाटचा डोंगर फोडून काढलेली खडी येते. एक दगड टाकायला जातो, दुसरा विकत आणतो. दोन्हीचं भाडं घरमालकच भरतो.

हल्ली परिसंवादांतून 'चक्रीय अर्थव्यवस्था' हा शब्द ऐकू येतो. वस्तू एकदा वापरून फेकू नये, पुन्हा कामाला लावावी, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या माळवदाच्या घरांना हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पडक्या घराची पांढरी माती भिजवून, तुडवून नव्या भिंतीत जायची. आजोबांच्या ढाळजेतली तुळई नातवाच्या माजघरावर चढायची.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक दगडमातीच्या घरांखाली. तेव्हापासून मराठवाड्याच्या मनात दगड वैरी होऊन बसला. त्या भीतीला कुणी हसू नये. पण घात कशानं केला, हेही पाहिलं पाहिजे. भिंतीचे आतले आणि बाहेरचे थर एकमेकांना धरून ठेवणारे आरपार दगड नव्हते. दर पावसाळ्याआधी माती टाकून टाकून माळवदं जड झाली होती. दोष बांधणीचा होता. तोच दगड जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्यानं, आरपार दगड घालून, चांगल्या मसाल्यात, काँक्रीटचे पट्टे देऊन आणि हलक्या छताखाली बांधला, तर भरवशाचा होतो.

इथं मला माझाही दोष कबूल केला पाहिजे. मी बँकेत अधिकारी असताना एक गुरुजी घरकर्जासाठी आले. अंदाजपत्रकात त्यांनी जुन्या घराचं सागवान आणि दगड आपला हिस्सा म्हणून धरले होते. मी विचारलं, "गुरुजी, याचं बिल?" ते म्हणाले, "साहेब, बिल आजोबांकडं असंल." मी हसलो आणि ती रक्कम खोडली. गुरुजींनी लाकूड मिळेल त्या भावात विकलं, ते पैसे हिस्सा म्हणून भरले आणि नव्या चौकटी दुप्पट पैशांत घेतल्या. कागद चोख होता. गुरुजी मात्र नुकसानीत गेले.

बिल नाही म्हणून किंमत नाही, ही आपली हिशेबाची रीत आहे. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात ते आठ टक्क्यांचा आहे. तोही कुठल्या बिलात दिसत नाही.

रीत बदलता येते. वीजकेंद्रातली राख एकेकाळी निव्वळ डोकेदुखी होती. १९९९ साली केंद्र सरकारनं अशा केंद्रांच्या परिसरात विटांमध्ये राख वापरण्याचा नियम केला. आज आमच्या शेजारच्या परळीतली राखही विटांसाठी जाते. टाकाऊला पत मिळाली की त्याचा माल होतो.

मग जुन्या दगडालाही पत का मिळू नये? पाडकामाची परवानगी देताना नगरपरिषदेनं घरातल्या मालाची यादी मागावी. तो माल ठेवायला आणि विकायला एखादी मोकळी जागा द्यावी. बँकांनी मूल्यमापकाचा दाखला घेऊन जुनं लाकूड आणि दगड कर्जदाराचा हिस्सा म्हणून धरावेत. यात फारसा खर्च नाही, थोडी सवय मोडायची आहे.

आमच्या गल्लीतला आणखी एक वाडा दिवाळीनंतर पडणार आहे. मालकाला मी एवढंच म्हणालो, "पाडा, पण पाडण्याआधी एकदा मोजा."