आजोबांची लोखंडी पेटी

नगरला माहेर असलेल्यांना रणगाड्यांचे नवल नाही. पण तिथल्या चिलखती दलाच्या केंद्रात जपलेला ‘फामागुस्ता’ रणगाडा वेगळा. नगरला प्रशिक्षण घेत असतानाच १९७१ चे युद्ध आले आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आघाडीवर गेले. १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत, याच रणगाड्यात, अवघ्या २१ व्या वर्षी ते कामी आले.

त्या लढाईत ५४ व्या डिव्हिजनचे सेनापती होते कॅथलिक घरातले डब्ल्यू. ए. जी. पिंटो. २५ मार्च २०२१ ला पुण्यात, ९६ वर्षांचे होऊन ते गेले. पण आपल्या डिव्हिजनची हकीकत त्यांनी पुस्तकात लिहून ठेवली होती.

आपल्या घरातले लष्करातले आजोबा कुठले पुस्तक लिहायला! त्यांचे सारे पेटीतच राहते. तेव्हा एवढे कराच. पदके चिंच-राखेने घासू नका. कडेवर कोरलेले नाव नि नंबर झिजतो. फोटोमागे मऊ शिसपेन्सिलीने नावे, साल, पलटण लिहा. डिस्चार्ज बुक नीट जपा. आजींच्या पेन्शनला लागते.

आणि सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला, नाहीतर दिवाळीला, घर भरले की त्यांच्याजवळ बसा. ‘लढाई कशी झाली?’ असे एकदम विचारू नका. जेवायला काय मिळायचे, शेजारच्या खाटेवर कोण असायचे, ते विचारा. तो शेजारी परत आला की नाही, हे मग ते आपणहून सांगतील.