कॅथरीन कोणाच्या बाजूची?

जुने गोवे पाहून आलेले आमचे एक स्नेही परवा फराळाला बसले असता म्हणाले, "त्या से कॅथेड्रलात आहे काय? सोन्याचा मुलामा आणि परक्यांच्या विजयाची फुशारकी!" माझी चकली हातातच राहिली. त्यांचे निम्मे म्हणणे खरे होते, आणि निम्म्या सत्याचाच मला फार राग येतो.

विजयाचे खरेच आहे. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अल्बुकर्कने गोवे घेतले. तो दिवस संत कॅथरीनचा, म्हणून हे ख्रिस्तमंदिर तिच्या नावाचे. पण ही कॅथरीन कोण? आलेक्झांड्रियाची विदुषी कुमारी. सम्राटाने तिच्याशी वाद घालायला ५० पंडित बसवले, ती हटली नाही. चाकावर तिचे हाल करायचे ठरले, तर चाकच मोडले. शेवटी तिचा शिरच्छेद झाला. ती खरोखर होऊन गेली की नाही, याविषयी इतिहासकार साशंक आहेत. असोत बापडे! मुख्य वेदीमागच्या सोनेरी लाकडी भिंतीवर तिचे चरित्र कोरणाऱ्याला ती खरीच होती. वधाची वाट पाहणारी कॅथरीन तिथे आहे, देवदूत तिला सिनाई पर्वतावर नेतात तेही आहे.

धर्म सोडत नाही म्हणून मारलेली ही मुलगी. आणि तिला डोक्यावर घेतले कोणी? ज्यांनी १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसवले, त्यांनी! त्या वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्या एकाही अधिकाऱ्याला कथेतल्या सम्राटात आपला चेहरा दिसला नसेल काय?

"पण ते परक्यांचेच ना?" स्नेही म्हणाले. मुळीच नाही. ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांकडून पूजेच्या वस्तू करवून घेऊ नयेत, असे गोव्याच्या धर्मसभेने १५६७ साली बजावले. जे घडतच नाही त्याला कोणी बंदी घालतो का? ज्या समाजाची देवळे पडत होती, त्याच समाजातले हात संतांच्या मूर्ती घडवत होते. आपले देव आयुध धरतात ते असुरांना मारायला. हे हुतात्मे ज्याने स्वतः छळले गेले तेच हाती धरतात. सेबॅस्टियनचे बाण, लॉरेन्सची लोखंडी जाळी, कॅथरीनचे चाक. ते कोरताना आपल्या सुताराच्या मनात काय आले असेल?

म्हणून म्हणतो, सुट्टीत गोव्याला गेलात तर सोन्याकडे पाहून परतू नका. मुलांना त्या कोरीव प्रसंगांपुढे उभे करा. "हिला कोणी मारले?" असे त्यांनी विचारले, तर सम्राटाचे सांगा, आणि इन्क्विझिशनचेही सांगा.

स्नेह्यांनी करंजी उचलली आणि भाड्याच्या मोटारींच्या दरांचा विषय काढला.