गाडीच्या काचेआडची जीवदया

दिवाळीची सुटी असो वा उन्हाळ्याची, दुकानाची किल्ली धाकट्या भावाच्या हाती सोपवून कुटुंबासह मोटारीने निघण्याची प्रथा आता आपल्या घरांतून चांगलीच रुळली आहे. तीर्थदर्शनाला जोडून एखादे रम्य स्थळ पाहावे, असा वडीलधाऱ्यांचा बेत असतो; मुलांची मागणी मात्र प्राणी पाहण्याची असते. मोटारीत बसून मोकळे प्राणी पाहण्याची कल्पना तशी जुनीच. इंग्लंडमध्ये लाँगलीट येथे १९६६ साली सिंहांचे असे उद्यान सुरू झाले. आफ्रिकेबाहेरचे ते या प्रकारचे पहिले उद्यान मानले जाते. आपल्याकडे बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आणि नागपूरजवळचे गोरेवाडा येथे उद्यानाच्या वाहनातून अशी सफर घडते. सातारा-सांगलीकरांना मात्र एवढ्या लांब जाण्याचे कारण नाही. वाघसिंहांचा आग्रह सोडला, तर हरणांच्या रानातून जाणारी वाट आपल्या अंगणातच आहे. ती म्हणजे सागरेश्वर अभयारण्य.

साताऱ्याहून महामार्गाने कराड गाठावे आणि तेथून ताकारीचा रस्ता धरावा. सांगलीकरांना पलूस-कुंडल मार्गे येणे सोयीचे. यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव देवराष्ट्रे येथून अगदी जवळ. कुंडलचे पार्श्वनाथाचे क्षेत्र आपल्यापैकी अनेकांच्या नित्य परिचयाचे आहे. तेथील दर्शन आणि सागरेश्वरचा फेरफटका एका दिवसात सहज होतो. हरणे सकाळी लवकर आणि दिवस कलताना चरायला बाहेर पडतात. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम असणाऱ्या कुटुंबांनी म्हणूनच सकाळची वेळ धरावी. गाडी आत नेण्याची परवानगी, वेळा आणि शुल्क यांची चौकशी प्रवेशद्वारापाशीच करावी.

या रानाचे वैशिष्ट्य असे की, ते माणसांनी घडवले आहे. एके काळी हा डोंगर उघडाबोडका होता. याच परिसरातील वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी तो हिरवा करण्याचा ध्यास घेतला आणि लोकांना व शासनाला त्या कामी लावले. झाडे लावली गेली, कुंपण घातले गेले, बाहेरून हरणे आणून सोडण्यात आली. १९८५ साली या भूमीला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे अभयारण्यांच्या मानाने लहानच. बारमाही वाहणारा ओढा नाही. उन्हाळ्यात पाणवठे भरावे लागतात. वरच्या कड्यावर उभे राहिले की खाली कृष्णाकाठची उसाची शेते दूरवर पसरलेली दिसतात आणि पाठीशी हे कोरडे, खडकाळ रान असते.

सांबर, चितळ आणि काळवीट ही येथील मुख्य वस्ती. मुलांना एक भेद अवश्य दाखवावा. सांबर आणि चितळ यांच्या नरांची शिंगे फाटे फुटलेली असतात. ती ठरावीक काळाने गळतात आणि नवी येतात. काळविटाची पिळदार शिंगे मात्र जन्मभर टिकतात. गाडी रस्त्यातच थांबवून इंजिन बंद ठेवले आणि बोलणे आवरले, तर चितळांचा कळप बराच वेळ निर्धास्तपणे चरत राहतो. दार उघडून कोणी खाली उतरले की माना वर होतात आणि क्षणात रान मोकळे होते. गाडीची त्यांना सवय असते. दोन पायांवर उभ्या माणसाची मात्र धास्ती वाटते.

आता ज्या विषयासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्याकडे वळतो. आपल्या घरांतील प्रवासाच्या पिशवीत फुटाणे, खाकरे, बिस्किटे असतात. समोर हरिण दिसले की काच खाली होते आणि हात बाहेर येतो. घाटातील माकडांच्या बाबतीत तर हे नित्याचेच झाले आहे. हेतू निर्मळ असतो. भुकेल्या जिवाच्या मुखी घास पडावा एवढाच. परंतु हिशेब तपासताना हेतूबरोबर परिणामही पाहावा लागतो.

हरिण हा रवंथ करणारा प्राणी. त्याच्या जठरातील सूक्ष्म जीव गवत आणि पाला पचवण्यास सरावलेले असतात. धान्य किंवा पिठाचे पदार्थ अचानक पुष्कळ पोटात गेले, तर ते झपाट्याने आंबतात, आम्ल वाढते आणि प्राणी दगावूही शकतो. खारट चव लागलेली प्लॅस्टिकची पिशवी गिळली गेली, तर ती जठरात अडकून राहते. घाटातील माकडे खाऊच्या आशेने रान सोडून रस्त्यावर बसतात आणि चाकाखाली येतात. उरलेली हातातली पिशवी हिसकावू लागतात, मग त्यांच्यावरच दगड उगारले जातात. पांजरपोळातील जनावर आपल्या आधारावर जगते, म्हणून तेथे चारा देणे हे कर्तव्य ठरते. रानातील जनावर स्वतःच्या बळावर जगते. त्याला आपल्या हाताची ओढ लावणे म्हणजे त्याचे स्वावलंबन हिरावून घेणे होय.

आपल्या परंपरेत अभयदानाला सर्व दानांत श्रेष्ठ मानले आहे आणि ‘अभयारण्य’ या शब्दाच्या आरंभीच ‘अभय’ आहे. काच बंद, हॉर्न बंद, वेग मंद आणि कचरा परत आपल्याच गाडीत, एवढे पाळले तरी ते अभयदान घडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही अभयारण्यात प्राण्यांना सतावण्यास आणि कचरा टाकण्यास मनाई केली आहे.

दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. कुंपण तुटले किंवा आत चारापाणी आटले की हरणे बाहेरच्या शेतात शिरतात. शेतकऱ्याचे पीक जाते आणि बाहेर आलेल्या हरणामागे गावची कुत्री लागतात. तेव्हा कुंपणाची डागडुजी आणि उन्हाळ्यातील पाणी हीच येथील खरी गरज आहे. ज्यांना दान द्यावेसे वाटते, त्यांनी फुटाण्यांची पिशवी घरी ठेवून वनखात्याच्या कार्यालयात जावे आणि पाणवठ्यासाठी काय करता येईल ते विचारावे. व्यापारी माणसाला हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. रोजच्या किरकोळ खर्चापेक्षा भांडवलात घातलेला रुपया अधिक टिकतो. मोहित्यांनी या डोंगरावर घातले ते असेच भांडवल होते आणि त्यावर हरणांच्या कित्येक पिढ्या वाढल्या आहेत.

या सुटीत सागरेश्वरला अवश्य जावे. फाटकापूर्वी गाडी बाजूला घेऊन मुलांना हे सारे समजावून सांगावे आणि खाऊ तेथेच संपवून मग आत शिरावे. घरातील वृद्धांनाही ही गोष्ट आदरपूर्वक सांगता येते. कारण जीवदयेचा अर्थ त्यांनीच आपल्याला शिकवलेला असतो.