बातमी माझी, डबी खोटी आणि काकांचे ४८ हजार

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. यात चार शिव्या मलाही पडणार आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

मागच्या मंगळवारी एक काका ऑफिसला आले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. नाव सांगणार नाही, कारण घरच्यांना अजून काही माहीत नाही. त्यांनी पिशवीतून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक होती प्लास्टिकची सीलबंद डबी. आत १९३९ सालचा चांदीचा रुपया, सहाव्या जॉर्जचा मुखवटा, वर छापील लेबल, आकडा, बारकोड, सगळं एकदम फॉरेनचं. दुसरं होतं घडी घातलेलं कात्रण. मथळा, 'घरातलं जुनं नाणं तुम्हाला करू शकतं लखपती!' आणि खाली नाव माझं.

तीन वर्षांपूर्वीची बातमी. खरं सांगतो, वीस मिनिटांत लिहिली होती. दोन वेबसाईटवरून उचलली, शब्द फिरवले आणि लावून दिली. एकाही नाणेवाल्याला फोन केला नव्हता. त्या महिन्यात आमच्याकडे सगळ्यात जास्त वाचली गेलेली बातमी तीच. संपादक खूश, मी खूश.

काका म्हणाले, "साहेब, तुम्हीच लिहिलं होतं ना, १९३९चा रुपया लाखात जातो. म्हणून घेतला. अठ्ठेचाळीस हजाराला. नातवाच्या शिक्षणाला होईल म्हटलं."

मंडळी, त्या बातमीत ते वाक्य खोटं नव्हतं, हीच गोची आहे. १९३९चा रुपया खरंच दुर्मिळ आहे. त्या सालचे रुपये फार थोडे बाहेर आले. १९४० पासून रुपयातली चांदी जवळपास ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली गेली. अस्सल १९३९ लिलावात लाखांच्या घरात जातो. पण 'अस्सल' हा शब्द मी बातमीत घातला नव्हता. १९३८च्या रुपयावरचा आठ कोरून नऊ करणारे कारागीर या देशात कित्येक वर्षांपासून आहेत, हेही लिहिलं नव्हतं. आणि लाखाची वस्तू कुणी ४८ हजाराला का देईल, हा साधा प्रश्न वाचकाच्या डोक्यात येईल इतकीही जागा मी ठेवली नव्हती.

काकांना तो प्रश्न पडला होता. पण डबीने तो दाबला. "ग्रेडिंग झालंय म्हणाला. अमेरिकेच्या कंपनीचं. खोटं कसं असेल?"

आता हे ग्रेडिंग काय प्रकरण आहे, ते समजून घ्या. मुळात कल्पना चांगली आहे. नाणं विकणारा म्हणतो कोरं आहे, घेणारा म्हणतो झिजलंय. या भांडणात तिसरा माणूस हवा. म्हणून अमेरिकेत १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या कंपन्या सुरू झाल्या. त्या नाणं तपासतात, अस्सल आहे का बघतात, किती झिजलंय ते ठरवतात, १ ते ७० मध्ये मार्क देतात आणि डबीत सीलबंद करतात. ६० च्या पुढे म्हणजे टांकसाळीतून निघाल्यावर व्यवहारात न फिरलेलं नाणं. आता ७०च का, १०० का नाही? १९४९ साली विल्यम शेल्डन या माणसाने अमेरिकेतल्या जुन्या सेंटच्या नाण्यांसाठी ही पट्टी काढली. अगदी झिजलेल्या नाण्याला जो भाव, त्याच्या सत्तरपट भाव सगळ्यात उत्तम नाण्याला, असा त्याचा हिशोब होता. तो भाव कधीच मागे पडला, पट्टी मात्र राहिली.

म्हणजे ते मार्क नाण्याच्या तब्येतीचे आहेत, किमतीचे नाहीत. परवा टांकसाळीतून निघालेल्या, लाखोंनी पाडलेल्या नाण्यालाही ६७ मार्क पडतात. म्हणून ते दुर्मिळ होत नाही. पण ऑनलाइन बघा, पाच-दहा रुपयांचं नाणं डबीत घालून हजारोंना लावलेलं असतं. फोटोत नाणं छोटं, आकडा मोठा. पोरगा ९५ टक्क्यांनी पास झाला म्हणून त्याला नोकरी लागली असं होत नाही ना? तसंच आहे हे.

आणि त्या दोन कंपन्यांच्या नावाने काही जण खोट्या डब्याच बनवतात. असलं प्लास्टिक आणि असली लेबलं बनवणं आता अवघड राहिलेलं नाही. शिवाय कुणीही उठतं, इंग्रजी तीन अक्षरांचं नाव घेतं, लेबल छापतं आणि 'ग्रेडिंग कंपनी' होतं. त्याला विचारणारं कोण?

काकांच्या डबीवर नंबर होता. माझ्या ओळखीचे एक संग्राहक आहेत, तीस वर्षं नाणी जमवतात. त्यांना बोलावलं. त्यांनी कंपनीच्या साईटवर नंबर टाकला. नंबर खरा निघाला! नाणंही १९३९चा रुपया, मार्कही तेच. काकांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. मग ते म्हणाले, "थांबा, फोटो बघू." साईटवरच्या फोटोत राजाच्या कानाच्या मागे काळसर डाग होता. डबीतल्या रुपयावर डाग नव्हता. डबीत बंद असलेल्या नाण्यावरचा डाग आपोआप जाईल कसा? कुणीतरी खऱ्या डबीचा नंबर उचलून खोट्या डबीवर छापला होता.

काका काहीच बोलले नाहीत. डबी परत पिशवीत ठेवली आणि पाणी मागितलं.

फसवणूक कशी झाली तीही ऐका, कारण उद्या तुमच्याशी हेच होईल. विक्रेता भेटला एका ॲपवर. दोन दिवस गोड बोलला. मग म्हणाला, "काका, ॲपवाले कमिशन खातात, आपण व्हॉट्सॲपवर व्यवहार करू, तीन हजार कमी करतो." इथेच खेळ संपला. ॲपवर घेतलं असतं तर निदान विक्रेत्याचं नाव-पत्ता ॲपकडे असता. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते, महिन्यात निकाल लावावा लागतो. व्हॉट्सॲपवर पोच कोण देणार? पैसे गेले यूपीआयने कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. आता तो नंबर बंद आहे.

तक्रार का केली नाही, विचारलं. म्हणाले, "लोक हसतील. म्हणतील, या वयात नाण्यांचा नाद."

हसणाऱ्यांना माझा सवाल आहे. शेअर मार्केटच्या टिप्सवर दोन लाख घालवले तर तुम्ही त्याला गुंतवणूक म्हणता. प्लॉटमध्ये फसलं तर त्याच्याबद्दल हळहळता. आणि म्हाताऱ्या माणसाने नाण्यात ४८ हजार घालवले की तो येडा? फसवणाऱ्याचं सगळ्यात मोठं भांडवल तुमचं हे हसू आहे. त्याला पक्कं माहीत असतं की माणूस लाजेखातर गप्प बसणार.

आता माझ्या जातभाईंकडे, म्हणजे पत्रकारांकडे येतो. 'वैष्णोदेवीचं नाणं असेल तर व्हा मालामाल', 'ट्रॅक्टरची पाचची नोट देईल लाखो', ७८६ची नोट, हे सगळं आपण छापतो. वैष्णोदेवीचं पाच आणि दहाचं नाणं २०१२ सालचं, श्राइन बोर्डाच्या पंचवीस वर्षांनिमित्त काढलेलं. ते कालपर्यंत किराणा दुकानात सुट्ट्यात मिळत होतं. लाखोंचा गिऱ्हाईक कुठे आहे, कुणी बघितलाय का? बातमी वाचून लोक आपली नाणी ऑनलाइन टाकतात. मग फोन येतो, "पाच लाखाला घेतो, आधी रजिस्ट्रेशन भरा, मग जीएसटी भरा." वर रिझर्व्ह बँकेच्या लोगोचं पत्र पाठवतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः सांगितलं की आम्ही असल्या व्यवहारात नाही, आम्ही कुणाला नेमलेलं नाही, कसलंही कमिशन मागत नाही. तो इशारा आपण आतल्या पानावर चार ओळींत लावला आणि 'मालामाल' मात्र फोटोसकट! ही बातमी नाही मंडळी, ही ठगांची फुकट जाहिरात आहे. मी केलीय, म्हणून म्हणतोय.

मग नाणी जमवूच नयेत का? अजिबात तसं नाही. उलट यासारखा छंद नाही. संग्राहकांनी त्या दिवशी खिशातून एक रुपया काढून दाखवला, १९११चा, पाचव्या जॉर्जचा. राजाच्या झग्यावरच्या साखळीत हत्तीचं चित्र आहे, पण सोंड इतकी आखूड की लोकांना ते डुक्कर वाटलं. हिंदू-मुसलमान दोघंही भडकले. सरकारने नाणी मागे घेतली, बरीचशी वितळवली आणि १९१२ला नवा साचा केला. 'डुक्कर रुपया' म्हणतात त्याला. साम्राज्याला माघार घ्यायला लावणारी गोष्ट तळहातावर मावते! आणि तांब्याची शिवराई? एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. साधी झिजलेली शिवराई आजही काहीशे रुपयांत मिळते. ती हातात घेतल्यावर जे वाटतं, त्याला कुठली कंपनी मार्क देणार? काकांच्या डोळ्यांत तेवढ्या दहा मिनिटांत परत चमक आली होती, हे मी बघितलं.

म्हणून संग्राहकांकडून जे शिकलो ते सांगतो, सेव्ह करून ठेवा.

आधी नाणं शिका, मग घ्या. पुस्तकावर पाचशे घालवलेत तर पन्नास हजार वाचतील. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं मौद्रिक संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आहे. पोरांना घेऊन जा.

डबीचा नंबर फक्त टाकू नका, फोटो असेल तर डाग आणि ओरखडे जुळवून बघा. सगळ्या नोंदींना फोटो नसतो. नसेल तर जास्त सावध राहा. डबीबाहेरचा जुना चांदीचा रुपया असेल तर वजन करा. ११.६६ ग्रॅम हवं, झिजला असेल तर किंचित कमी. चुंबकाला चिकटला तर नमस्कार करून निघा.

राम दरबार, हनुमान छापलेलं 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८'चं नाणं कुणी दाखवलं तर ते चलनातलं नाणंच नाही. कंपनीने असली नाणी कधी पाडली नाहीत. तांदूळ ओढणारं तांब्याचं नाणं म्हणणाऱ्याला तर सरळ पोलीस दाखवा. आणि शिवकालीन सोन्याचा होन ऑनलाइन स्वस्तात दिसला तर आधी प्रतिकृतीच समजा.

घरातली नाणी चिंचेने, पितांबरीने घासू नका. आपल्याला चकचकीत दिसतं, संग्राहकाला खराब दिसतं. भाव तिथेच पडतो.

कायदाही लक्षात ठेवा. शंभर वर्षांवरचं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू आहे. ते ग्रेडिंगसाठीसुद्धा परस्पर परदेशी पाठवता येत नाही, आणि पुरावस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो. विक्रेत्याला विचारा, आहे का? शेतात नांगरताना नाणी सापडली तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. फोटो काढून ग्रुपवर टाकायच्या आधी हे आठवा.

आणि फसलात तर लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता असते. ग्राहक हेल्पलाइन १९१५. लाज फसवणाऱ्याला वाटू द्या.

काकांची तक्रार आम्ही दोघांनी बसून ऑनलाइन भरली. पैसे मिळतील असं मी सांगू शकत नाही, दोन महिने उलटून गेलेत. माझी ती बातमी काढून टाकलीय. त्या जागी 'चुकलो' असं नावासकट लिहिलंय. वाचलं किती जणांनी? मूळ बातमीच्या शंभराव्या हिश्श्यानेसुद्धा नाही. तालुक्यातल्या पोर्टलवाल्या मित्रांनो, ग्रुप ॲडमिन मंडळींनो, तुमच्याकडे असली बातमी पडून असेल तर आज काढा. नाही काढलीत तर पुढच्या पोस्टमध्ये लिंकसकट टाकीन, मग राग मानू नका.

शेवटचं. येत्या रविवारी सकाळी दहाला वाचनालयाच्या कट्ट्यावर ते संग्राहक आणि मी बसणार आहोत. घरातली नाणी, डब्या, जे असेल ते आणा. खरं की खोटं ते ते सांगतील, फुकट. खरेदी-विक्री एका रुपयाचीही नाही. काकाही येणार आहेत, आजोबांच्या पिशवीतल्या शिवराया घेऊन.

त्यांना डबीबद्दल विचारू नका एवढंच.